फायकसची पहिली कुंडीबदल आणि पहिली छाटणी: नागपूरच्या हवेत कोणत्या क्रमानं करायची

नर्सरीतून फायकस आणायचं, त्याच संध्याकाळी मुळं कापायची, फांद्याही कापायच्या, उथळ ट्रेमध्ये घरची काळी माती भरून झाड बसवायचं आणि वरून मूठभर खत टाकायचं. नागपुरात पहिलं बोन्साय बहुतेक वेळा असंच मरतं. कात्रीमुळे मरतं ते क्वचितच. चुकीचा महिना, चिकट माती, सैल बसवलेलं खोड आणि सगळी कामं एकाच दिवशी उरकण्याची घाई, ही खरी कारणं. म्हणून इथे कुंडीबदल आणि छाटणी वेगळी ठेवली आहे आणि दोन्हींमध्ये सहा ते आठ आठवडे सोडले आहेत.

सगळं वर्णन फायकसचं आहे, म्हणजे नांदरूक (फायकस मायक्रोकार्पा) आणि त्याच्या जवळच्या जातींचं. पहिल्या झाडासाठी हेच घ्या. जुनिपर आणि पाइन घेऊन सुरुवात करू नका, नागपूरचा मे महिना त्यांना सोसत नाही. जेड आणि बोगनवेलीचे नियम काही ठिकाणी उलटे आहेत, ते शेवटी दिले आहेत.

१. आधी ठरवा: झाडाला कुंडीबदल हवी आहे का?

हौस आली म्हणून कुंडी बदलू नका. खालीलपैकी दोन खुणा दिसल्या तरच कामाला लागा.

- पाणी घातल्यावर ते वर साचतं, मुरायला मिनिटभर लागतं.
- तळाच्या छिद्रांतून मुळं बाहेर आली आहेत.
- मातीचा गोळा मुळांच्या दाबानं काठाच्या वर उचलला गेला आहे.
- झाड पिशवीत आहे आणि मुळं पिशवीच्या कडेनं गोल फिरली आहेत.

तपासा: नखानं बारीक फांदीची साल खरवडा. आत हिरवी, ओलसर हवी. पानं गळत असतील, पांढरा मऊ कीडा (मिलीबग) असेल किंवा झाड आठवडाभरापूर्वीच घरी आलं असेल तर थांबा. आजारी झाडाची मुळं कापली तर ते सावरत नाही. नव्या झाडाला नव्या जागेत किमान महिनाभर राहू द्या.

२. महिना कोणता?

पहिल्यांदा करणाऱ्यासाठी नागपुरात एकच काळ खात्रीचा: जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टची सुरुवात. कारण साधं आहे. मुळं कापली की झाडाची पाणी ओढण्याची ताकद कमी होते, पण पानांतून पाणी उडत राहतं. हवेत दमटपणा असला की ते कमी उडतं आणि नवी मुळं फुटेपर्यंत झाड तग धरतं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच कुंडी काढू नका. पहिल्या दोन-चार सरींनंतर अनेकदा आठ-दहा दिवस उघडीप पडते आणि पारा पुन्हा चाळिशीजवळ जातो. पाऊस नीट बसू द्या, दिवसाचं तापमान ३४ अंशांच्या खाली स्थिरावू द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्येही फायकसची कुंडी बदलता येते, आणि पुण्या-मुंबईकडे ते चालून जातं. नागपुरात मात्र मार्चअखेर ऊन तापायला लागतं, मुळांना जेमतेम महिना मिळतो. हात बसल्यावर तो काळ वापरा, पहिल्याच वेळी नको. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत मुळांना हात लावायचा नाही, नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) तर झाड जागेवरूनही हलवायचं नाही. नोव्हेंबर ते जानेवारी वाढ थंडावते, तेव्हाही मुळं कापू नका.

३. माती: अर्धं काम इथेच होतं

आपल्याकडची काळी माती शेतात उत्तम, उथळ कुंडीत घातक. ती ओली झाली की फुगते आणि छिद्रं बुजवते. सुकली की आकसून तडकते आणि त्या तड्यात बारीक मुळं तुटतात. थोडी मिसळली तर काय होतं, असं अनेकांना वाटतं. थोडी मिसळली तरी तिचे बारीक कण खडबडीत मिश्रणाच्या फटींत बसतात आणि चाळण्याची सगळी मेहनत वाया जाते. मुठीएवढीही घालू नका.

दहा भागांचं मिश्रण असं:

- ५ भाग लाल भाजक्या विटेचा चुरा, ३ ते ६ मिमी
- २ भाग जाड रेती, २ ते ४ मिमी. कन्हान नदीची रेती चालते, पण चाळून आणि धुऊन.
- १ भाग लाकडी कोळशाचे तुकडे, ३ ते ६ मिमी
- २ भाग गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखत

किती लागेल? आतून २५ सेंमी रुंद आणि १२ सेंमी खोल गोल कुंडीत काठोकाठ साधारण ६ लिटर माल मावतो. त्यातला दीड लिटर मुळांचा गोळा घेतो आणि वर सेंटीमीटरभर जागा रिकामी ठेवायची असते. म्हणून ५ लिटर मिश्रण करून ठेवा: वीट अडीच लिटर, रेती १, कोळसा अर्धा, खत १. हे चाळल्यानंतरचं माप आहे. वीट फोडताना बरीच भुकटी होते, त्यामुळे कच्ची वीट दुपटीनं घ्या.

विटेबद्दल तीन गोष्टी कडक पाळा. करड्या रंगाच्या, राखेच्या विटा घेऊ नका. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे आपल्याकडे त्या सगळीकडे मिळतात, पण त्यात सिमेंट किंवा चुना असतो आणि त्यानं माती अल्कधर्मी होते. लाल विटेलाही जुनं सिमेंट चिकटलेलं नको. आणि वीट पक्की भाजलेली हवी.

तपासा: विटेचे चार-पाच तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटांत दाबल्यावर चिखल झाला तर ती वीट कच्ची. सहा महिन्यांत कुंडीत तिचा गाळ होईल.

कोळसा लाकडीच. उमरेड-कामठीकडचा दगडी कोळसा वेगळी वस्तू आहे, तो कुंडीत घालायचा नाही.

चाळण दोनदा: आधी ६ मिमीच्या चाळणीतून, वरचं पुन्हा फोडायचं. मग खाली आलेलं २ ते ३ मिमीच्या चाळणीवर, आणि आता खाली पडलेली भुकटी फेकायची. वीट आणि रेती घमेल्यात दोन-तीन पाण्यांनी धुवा. भाजक्या विटेत क्षार असतात, ते या धुण्यात जातात.

तपासा: मिश्रण छिद्रांच्या डब्यात भरून वरून मगभर पाणी ओता. पाणी वर तळं न होता दहा-पंधरा सेकंदांत खालून वाहायला लागलं पाहिजे. तसं झालं नाही तर भुकटी राहिली आहे, पुन्हा चाळा.

४. कुंडी आणि अवजारं

पिशवीतून थेट चपट्या ट्रेमध्ये, ही सर्वांत महागात पडणारी उडी. पिशवीतला गोळा १५ सेंमी खोल असतो. त्याला ५ सेंमीच्या ट्रेमध्ये बसवायचं म्हणजे मुळांचा दोन तृतीयांश भाग उडवावा लागतो. पहिली कुंडी १० ते १२ सेंमी खोल, पसरट, मातीची किंवा जाड प्लास्टिकची घ्या. उथळ, देखणा ट्रे पुढच्या किंवा त्यापुढच्या कुंडीबदलीला. उन्हाळ्याच्या दृष्टीनंही हे बरं, गच्चीवरचा चपटा ट्रे दुपारपर्यंत कोरडा ठणठणीत होतो.

तळाला किमान दोन छिद्रं हवीत, प्रत्येकी दीड सेंमीची. एकच असेल तर ड्रिलनं आणखी पाडून घ्या. छिद्रांवर ३-४ मिमी छिद्रांची प्लास्टिकची जाळी ठेवा. डासांची बारीक जाळी नको, ती गाळानं बुजते. तळाला गिट्टीचा थर द्यायचीही गरज नाही. मिश्रण सगळीकडे खडबडीत असलं की पाणी वाहतं, आणि गिट्टीनं मुळांची जागा मात्र खाल्ली जाते.

हाताशी ठेवा: धारदार सिकेटर (छाटणीची दणकट कात्री), बारीक कात्री, बांबूची काडी किंवा चॉपस्टिक, दोन दातांचा वाकडा काटा, दीड-दोन मिमीची ॲल्युमिनियम तार दीड मीटर, सायकलच्या ट्यूबचे दोन-तीन तुकडे, पाण्याची फवारणी बाटली, बारीक तोंडाची झारी, हातमोजे. पाती स्पिरिटनं पुसून घ्या.

सावध: फायकसचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो. मोजे घाला, हात डोळ्यांना लावू नका, लहान मुलांना लांब ठेवा. कापावर पाण्याची फवारणी केली की चीक लवकर थांबतो.

५. कुंडीबदल: क्रम चुकवू नका

पहिली पायरी, पाणी थांबवणं. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, आणि झाड पावसात असेल तर दोन दिवस आधी छपराखाली घ्या. गोळा किंचित ओलसर हवा. चिंब मातीत मुळं दिसत नाहीत आणि ओढताना तुटतात, अगदी कोरडी माती दगडासारखी घट्ट धरते.

दुसरी, नवी कुंडी तयार ठेवणं. जाळी बसवा, तारेचे दोन तुकडे छिद्रांतून खालून वर काढून बाजूला वाकवून ठेवा. तळाला २ सेंमी मिश्रण पसरा आणि मधे छोटा उंचवटा करा. मुळं उघडी पडल्यावर तार शोधत बसलात तर तेवढ्या वेळात बारीक मुळं सुकतात. काम सावलीत, पंखा बंद करून करा.

तिसरी, झाड काढणं. पिशवी असेल तर कापा. कुंडी असेल तर आतल्या कडेनं सुरी फिरवा, कुंडी आडवी करून थोपटा. खोडाला धरून हिसका देऊ नका.

चौथी, मुळं विंचरणं. वरून सुरुवात करा. खोडाच्या बुडाशी माती एक-दोन सेंमी खरवडली की खोड जिथे रुंदावून आडवी मुळं निघतात ती जागा सापडते. ही मुळं दिसणं बोन्सायसाठी महत्त्वाचं, नर्सरीत ती नेहमी खोल गाडलेली असतात. मग काटा मध्यापासून बाहेरच्या दिशेनं चालवा, कडेनं गोल फिरलेली मुळं सोडवा, शेवटी तळ मोकळा करा. दर दोन-तीन मिनिटांनी फवारा मारा.

किती माती काढायची? नर्सरीतली चिकट माती निम्मी काढा, बाहेरची आणि खालची. खोडाखालचा गाभा पहिल्या वेळी तसाच राहू द्या. मात्र एक अडचण लक्षात ठेवा: नव्या मिश्रणातून पाणी झरकन निघून जातं आणि जुना चिकट गाभा आतून कोरडाच राहतो. वरून ओलं दिसतं आणि झाड तहानेनं मरतं. म्हणून त्या गाभ्यात काडीनं वरून खाली सात-आठ भोकं पाडा.

पाचवी, कापणं. एकूण मुळांच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. आधी सडकी, काळी, मऊ मुळं. मग सरळ खाली जाणारं जाड मूळ. मग खोडाला वेढा घालणारी मुळं, ती पुढे खोड आवळतात. शेवटी लांब मुळांची टोकं. खोडाजवळची केसासारखी बारीक मुळं जपा, झाड पाणी त्यांच्यातूनच पितं. काप तिरपा, खालच्या बाजूला तोंड करून. चिरडलेलं मूळ सडतं, म्हणून बोथट सिकेटर वापरू नका.

सावध: बटाट्यासारखी फुगलेली मुळं असलेलं ‘जिनसेंग’ फायकस असेल तर ती जाड मुळं कापू नका. तिथेच झाडाचा साठा आहे. फक्त बारीक मुळं मर्यादेत छाटा.

सहावी, बसवणं आणि बांधणं. झाड उंचवट्यावर ठेवून डावीकडे-उजवीकडे हलकं फिरवत दाबा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. बुडाची मुळं काठाच्या थोडी वर दिसली पाहिजेत. मग तारा गोळ्यावरून घेऊन पिळा, जिथे तार मुळाला टेकते तिथे ट्यूबचा तुकडा घाला.

बांधण्याला बरेच जण फाटा देतात, आणि झाड नेमकं इथेच बिघडतं. वाऱ्यानं खोड मिलिमीटरभर हललं तरी फुटू पाहणारी कोवळी मुळं दर वेळी तुटतात. माळी कितीही चांगला असो, सैल झाड रुजत नाही.

तपासा: खोडाला धरून हलकं हलवा. झाड आणि कुंडी एकत्र हलायला हवीत. खोड वेगळं डोलत असेल तर तार पुन्हा आवळा, पुढे जाऊ नका.

सातवी, भरणं. मिश्रण थोडं थोडं ओता आणि काडी मुळांमध्ये उभी खुपसून हलवा. मिश्रण खाली सरकतं, पुन्हा ओता. सरकणं थांबेपर्यंत करत राहा. मुठीनं ठोकून दाबू नका. काठाखाली १ सेंमी जागा सोडा.

आठवी, पाणी. झारीनं हळू, सगळीकडे. खालून आधी गढूळ पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत घालत राहा. पावसाचं साठवलेलं पाणी सर्वांत चांगलं. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी कुंडीत अजिबात ओतू नका, त्यात क्षार जास्त असतात.

६. नंतरचे सहा आठवडे

पहिले दोन आठवडे झाड उजेड असलेल्या सावलीत: छपराखाली, पूर्वेच्या बाल्कनीत किंवा ५० टक्के ऊन अडवणाऱ्या हिरव्या जाळीखाली, वारा थेट लागणार नाही असं. बंद खोलीत नको. तिसऱ्या आठवड्यात सकाळचं दोन तास ऊन, मग हळूहळू जास्त. उघडीप पडली की जुलैचंही ऊन करपवतं, तेव्हा जाळी काढायची घाई करू नका.

झड लागली की नवी कुंडी उघड्यावर ठेवू नका. ठेवावीच लागली तर एका बाजूला लाकडाचा तुकडा घालून कुंडी तिरकी करा, पाणी पटकन निथळतं.

पाणी रोज ठरलेल्या वेळी देऊ नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. ओलं लागलं तर नको, कोरडं होऊ लागलं की भरपूर. वरून खत या सहा आठवड्यांत नाही, डीएपी-युरिया तर या झाडाला कधीच नाही. ताज्या कापलेल्या मुळांना खताचे क्षार जाळतात.

पहिल्या दोन आठवड्यांत आतली जुनी दहा-वीस पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका. कोवळे शेंडे माना टाकत असतील तर झाडावर पारदर्शक पिशवी सैल चढवा, वर दोन भोकं पाडा आणि सावलीत ठेवा. पानं हिरवीच राहून गळत असतील आणि माती सतत ओली असेल तर पाणी जास्त होतंय. अशा वेळी कुंडी पुन्हा उपसून मुळं बघायचा मोह होतो. उपसू नका.

तपासा: टोकांवरचे अणकुचीदार कोंब लांबून त्यातून नवी, चकचकीत पानं उलगडली की मुळं फुटली असं समजा. हे दिसल्याशिवाय छाटणीला हात लावायचा नाही.

७. छाटणी: ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य

कुंडीबदलीच्या दिवशी फक्त वाळलेल्या आणि तुटलेल्या काड्या काढायच्या. मुळं कापली म्हणून तेवढीच पानं कापून तोल साधा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. नवी मुळं पानांनी बनवलेल्या अन्नावर फुटतात. पावसाळी दमट हवेत झाड ती पानं सांभाळू शकतं, म्हणूनच तर आपण जुलै निवडला.

आधी झाड डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि पुढची बाजू ठरवा: बुडाची मुळं आणि खोडाचं वळण सर्वांत चांगलं दिसतं ती. शंका असलेल्या फांदीला दोरा बांधा आणि दोन दिवस थांबा. मग या क्रमानं:

क) खोडाच्या खालच्या एक तृतीयांशातले बारीक फुटवे काढा. जिनसेंगमध्ये कलमाच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा काढा, तो मूळ झाडाचा असतो आणि वरच्या लहान पानांच्या कलमाला मागे टाकतो.

ख) एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या असतील तर एक ठेवा. एका बिंदूतून तीन-चार निघत असतील तर दोनच ठेवा, नाहीतर तिथे बेढब गाठ फुगते.

ग) सरळ वर किंवा सरळ खाली जाणाऱ्या, खोडासमोरून आडव्या जाणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढा.

घ) मग उरलेल्या फांद्यांची लांबी. सहा ते आठ पानं झालेल्या फुटव्याचं टोक दोन-तीन पानांवर कापा. काप पानाच्या देठाच्या ३ ते ५ मिमी वर, आणि शेवटचं पान बाहेरच्या दिशेला असलेलं. पुढचा फुटवा त्याच दिशेला जातो.

ङ) शेंडा खालच्या फांद्यांपेक्षा जास्त छाटा. झाडाचा जोर वर असतो. सगळीकडे सारखं कापलं तर वर झुडूप होतं आणि खालच्या फांद्या कमजोर होऊन सुकतात. खालची फांदी जाड करायची असेल तर या वर्षी तिचं टोक कापूच नका.

एकूण पानांच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी नाही.

सावध: फांदी पूर्ण बोडकी करू नका. नांदरूक जुन्या लाकडातूनही सहसा फुटतो, पण टोकदार, लोंबत्या पानांचं फायकस बेंजामिना पान नसलेली फांदी सोडून देतं आणि ती वाळते. जात ओळखता येत नसेल तर प्रत्येक फांदीवर दोन पानं ठेवाच.

पेन्सिलीपेक्षा जाड फांदी दोन कापांत: आधी खोडापासून ३-४ सेंमी दूर, मग उरलेला खुंट खोडालगत. एकाच कापात जड फांदी साल सोलून खाली येते. १ सेंमीहून लहान जखमेला काहीच लावू नका. मोठ्या जखमेला चीक थांबून ती सुकल्यावर कट पेस्ट (जखम झाकणारा लेप) लावा.

पहिल्या वर्षी सगळी पानं काढणं आणि जाड फांद्यांना तार बांधणं टाळा. पावसाळ्यात फुटलेल्या पारंब्या मात्र कापू नका. त्यांचं काय करायचं ते पुढच्या वर्षी ठरवता येतं.

छाटणीनंतर दोन आठवड्यांनी, नवे कोंब दिसल्यावर, पहिलं खत: पातळ केलेलं द्रवरूप सेंद्रिय खत, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं, पंधरा दिवसांतून एकदा. नोव्हेंबरच्या मध्यापासून बंद.

८. जेड आणि बोगनवेल असेल तर

जेडची कुंडी पावसात बदलू नका. फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत, कोरड्या मातीत काम करा आणि मुळं कापल्यावर पाच ते सात दिवस पाणी देऊ नका. जखमा सुकल्या नाहीत तर मूळ सडतं. खताचा भाग दोनऐवजी एक, त्याची जागा रेतीला.

बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात. काट्यानं विंचरू नका, गोळा शक्यतो न मोडता फक्त तळ आणि कडा छाटा.

९. पहिला उन्हाळा आणि पुढची कुंडीबदल

मार्चच्या शेवटापासून झाड ५० टक्के जाळीखाली न्या. कुंडी गच्चीच्या स्लॅबवर थेट ठेवू नका, दोन विटा किंवा लाकडी स्टँड घाला. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी, असं दोनदा पाणी. दुपारी नळाच्या पाइपातलं पाणी उकळतं असतं, ते आधी सोडून द्या. बाहेरगावी जायचं असेल तर कुंडी ओल्या रेतीच्या परातीत अर्धी पुरून सावलीत ठेवा, दोन दिवस निघतात.

बांधलेल्या तारा डिसेंबरमध्ये बघा. मुळात रुतत असतील तर पकडीनं तुकडे करून काढा, उलगडून ओढू नका. पुढची कुंडीबदल दोन वर्षांनी, पुन्हा जुलैत. त्या वेळी खोडाखाली राहिलेला चिकट मातीचा गाभा पाण्याच्या हलक्या धारेनं पूर्ण धुऊन काढा, आणि मुळं तेवढी दाट झाली असतील तरच ७ सेंमीच्या कुंडीत उतरा.